शेजारी आणि सोंग

१९५५ साली लंडनच्या पश्चिम भागातील ईलिंग येथला प्रसिद्ध स्टुडिओ बी. बी. सी. ह्या संस्थेस विकला गेला, तेव्हा त्याचे चालक सर मायकेल बॉल्कन ह्यांनी तेथे एक स्मारकफलक बसविला. पाव शतकाच्या अवधीत ब्रिटनचे व ब्रिटिश स्वभावाचे दर्शन घडविणारे अनेक चित्रपट ह्या वास्तूत तयार झाले, अशा आशयाचा मजकूर त्यावर आहे. स्टुडिओच्या मृत्युलेखात दुसऱ्या कोणी नफ्यातोट्याचा हिशेब मांडला असता, कोणी नटनटींची नामावळी दिली असती. बॉल्कनसाहेबांनी राष्ट्रस्वभावाचा उल्लेख केला, आणि तो करण्याचा त्यांना अधिकारही होता. युद्ध संपल्यानंतरच्या दहा वर्षांत ईलिंगने जे विनोदी बोलपट काढले, त्यांच्या इतके लाघवी चित्र एखाद्या राष्ट्राने आपले आपण क्वचितच काढले असेल. आमच्यासारख्या इंग्रजी वाङ्मयावर पोसलेल्या मनुष्यास तर हे चित्रपट परके असे वाटतच नाहीत. ज्या कपाटात जेरोम आणि वुडहाउस, त्याच कपाटात आम्ही त्यांनाही जागा देऊन ठेविली आहे.

हे आधीच सांगून टाकण्याचे कारण असे की, पुढे जे लिहावयाचे आहे ते वैऱ्याच्या भूमिकेवरून लिहिलेले नाही. आमचा प्रश्न साधा आहे. ज्या ब्रिटिश स्वभावाचे हे दर्शन, तो स्वभाव कोणाकोणाचा धरला होता? १९४५ ते १९६० ह्या पंधरा वर्षांत ब्रिटनमधील रस्त्यांवर जी माणसे दिसू लागली, ती सगळी ह्या हास्यात सामील होती काय?

अलीकडे ह्या प्रश्नाचे उत्तर शिरगणतीने देण्याची रीत पडली आहे. अमुक चित्रपटात काळी माणसे किती, स्त्रिया किती, कामगार किती, ह्याचे कोष्टक करावयाचे आणि त्यावरून निवाडा द्यावयाचा. ही मोजदाद निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु विनोदाच्या बाबतीत ती फार अपुरी पडते. गर्दीत उभा केलेला एखादा काळा चेहरा गणतीत येतो, कथेत येत नाही. विनोदाच्या घरात मनुष्याला दोन दारांनी प्रवेश मिळतो. एक शेजाऱ्याचे दार आणि दुसरे सोंगाचे. चिं. वि. जोशी ह्यांच्या चिमणरावाची फजिती पाहून आपण हसतो, पण तो आपल्याच आळीतला आहे ह्याचा त्या वेळी विसर पडत नाही. किंबहुना तो आपल्या आळीतला म्हणूनच इतके हसू येते. शेजाऱ्याला हट्टी, लोभी, भित्रा, प्रेमळ, बावळट असे काहीही असण्याची मुभा असते आणि तरीही तो शेजारीच राहतो. सोंगाची गोष्ट निराळी. तेथे आपण सोंग आणणाऱ्याचे कौशल्य पाहत असतो. ज्याचे सोंग आणले तो मनुष्य तेथे नसतो, आणि नसल्यामुळे कोणाचे काही अडतही नाही. आमचे म्हणणे असे की, मध्यशतकातील ब्रिटिश चित्रपटाने आपल्या समाजातील नवागतांना गंभीर कथांत दुःखाची जागा दिली, विनोदी कथांत सोंगाची दिली, परंतु शेजाऱ्याची जागा मात्र फार उशिरापर्यंत दिली नाही. जे चित्रपट शेजारधर्माच्या गौरवावरच उभे आहेत, त्यांच्या बाबतीत हे घडावे ह्याचे आम्हांस विशेष वाईट वाटते.

‘पासपोर्ट टु पिम्लिको’ हा १९४९ सालचा बोलपट घ्या. हेन्री कॉर्नेलियस ह्यांचे दिग्दर्शन व टी. ई. बी. क्लार्क ह्यांची पटकथा. लंडनच्या पिम्लिको भागात युद्धातला एक न फुटलेला बाँब अचानक फुटतो, खड्ड्यात पुरातन खजिना सापडतो, आणि त्याबरोबर चौथ्या एडवर्ड राजाची एक सनद. त्या सनदेप्रमाणे ही जागा बर्गंडीच्या ड्यूकला दिलेली असून ती परत घेतल्याचा दाखला नाही. मार्गारेट रदरफर्ड ह्यांनी रंगविलेल्या प्राध्यापिकाबाई कोर्टात तसा निर्वाळा देतात. (प्राध्यापकाच्या शब्दाने सरकारचा पाया हादरल्याचे चित्रपटांतून फारसे आढळत नाही, ह्या एका प्रसंगासाठी आमचा पेशा क्लार्क ह्यांचा ऋणी राहील.) झाले! मासळीवाला, शिंपीण, बँकेचा मॅनेजर, कोपऱ्यावरचा पोलीस शिपाई, सगळे एका रात्रीत परदेशी ठरतात. प्रथम आनंदीआनंद होतो. रेशनची पुस्तके फाडली जातात, दारूचे दुकान वाटेल तितका वेळ उघडे राहते. मग काळाबाजारवाले लोटतात, सरकार हद्दीवर काटेरी तारा घालते, पाणी तोडते, मुलाबाळांना बाहेर हलवावे लागते. इकडे नवे बर्गंडीवासी भुयारी रेल्वेची गाडी अडवून उतारूंकडे पासपोर्ट मागतात. वेढा पडल्यावर शेजारच्या वस्तीतील लंडनकर तारांवरून अन्नाची पुडकी फेकू लागतात. हा प्रसंग पाहताना ज्याचे डोळे ओले होत नाहीत त्याच्याशी आम्हांस वाद घालावयाचा नाही.

आता ह्या कथेची मौज कशात आहे पहा. जन्मभर ज्या गल्लीत राहिला त्या गल्लीत मनुष्य परका ठरतो. कालचा सरकारी अंमलदार आज त्याच्याकडे कागदपत्रे मागतो. आणि तो छातीवर हात ठेवून सांगतो की, आम्ही इंग्रज आहो म्हणूनच परदेशी असण्याच्या आमच्या हक्कासाठी झगडत आहो. नागरिकत्व, सीमा, परवाना, निर्वासित ह्या सर्व कल्पना येथे हसतखेळत उलट्यापालट्या केलेल्या आहेत. चित्रपटाचे बाह्य चित्रण १९४८ च्या उन्हाळ्यात झाले, आणि तेही पिम्लिकोत नव्हे, तर नदीपलीकडे लॅंबेथमधील बाँबने उद्ध्वस्त झालेल्या एका मोकळ्या जागेवर. त्याच उन्हाळ्यात, जूनच्या २२ तारखेस, ‘एंपायर विंडरश’ ही आगबोट कॅरिबियन बेटांतून कित्येक शेकडा उतारू घेऊन टिलबरीच्या बंदरात उभी राहिली. हे लोक कायद्याने ब्रिटिश प्रजाजनच होते, आणि त्याच वर्षी मंजूर झालेल्या ब्रिटिश राष्ट्रीयत्वाच्या कायद्याने ‘युनायटेड किंग्डम व वसाहती’ ह्यांचे एकच नागरिकत्व ठरविले. ज्यांना राहावयास जागा नव्हती त्यांची सोय क्लॅपम येथील भूमिगत आश्रयस्थानात करण्यात आली. युद्धात बाँबच्या भीतीने खणलेले ते विवर होते. तेथून ते कामाच्या शोधार्थ ब्रिक्स्टनच्या कामगार कचेरीत जात, आणि ब्रिक्स्टन हा लॅंबेथचाच भाग.

म्हणजे एकाच उन्हाळ्यात, एकाच उपनगरात, एका बाजूस कॅमेऱ्यापुढे इंग्रज माणसे परदेशी होण्याचा खेळ खेळत होती, आणि थोड्याच अंतरावर कायद्याने नागरिक असलेली माणसे परदेशी म्हणून गणली जाण्याचा पहिला अनुभव घेत होती. निर्मात्यांनी आयत्या वेळी कथा बदलावयास हवी होती असला हट्ट आम्ही धरीत नाही. पटकथा आधीच लिहिलेली असते, आणि कालच्या वर्तमानपत्रातील बातमी आज चित्रपटात यावी अशी अपेक्षा धरणे हा कलेवर अन्याय होय. आम्हांस बोचते ते पुढचे. १९४९ नंतर ईलिंगने पिम्लिकोसारख्या आणखी कितीतरी वस्त्या रंगविल्या. टिटफील्डच्या गावकऱ्यांची आगगाडी रंगविली, लॅव्हेंडर हिलवरच्या भाडोत्री खोल्या रंगविल्या. पण त्या वस्त्यांत राहावयास आलेला नवा भाडेकरू एकदाही दार उघडून बाहेर आला नाही. परदेशीपणाची कल्पना विनोदाला चालली, प्रत्यक्ष परदेशाहून आलेला शेजारी चालला नाही.

ह्याच्या उलट बाजूचे एक उदाहरण देणे न्यायाचे होईल. ‘व्हिस्की गॅलोर!’ (१९४९) हा अलेक्झांडर मॅकेंड्रिक ह्यांचा पहिला चित्रपट स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बारा ह्या बेटावर चित्रित झाला. १९४१ साली व्हिस्कीने भरलेले ‘पॉलिटिशियन’ नावाचे जहाज एरिस्के बेटाजवळ फुटले होते. त्या घटनेवरून कॉम्प्टन मॅकेंझी ह्यांनी कादंबरी लिहिली आणि तिच्यावरून हा चित्रपट निघाला. येथे हास्याची दिशा फिरलेली आहे. बेटावरील लोक आपल्या जागी पाय रोवून उभे आहेत आणि हसे होते ते कॅप्टन वॅगेट ह्या नियमनिष्ठ इंग्रजाचे. बेसिल रॅडफर्ड ह्यांनी तो इतका प्रामाणिक रंगविला आहे की त्याची कीव यावी. गर्दीतले चेहरे बेटावरच्या खऱ्या रहिवाशांचे आहेत, आणि ते चेहरे पाहताच आपण कोणाच्या घरी आलो आहो हे कळते. अल्पसंख्याकांना विनोदात शेजारी म्हणून घेतले म्हणजे काय होते, ते ह्या चित्रपटात दिसते. आमच्या मते ईलिंगच्या संपूर्ण कामगिरीत ह्याहून निकोप हास्य नाही.

तथापि येथेही एक गोष्ट हळूच पुसलेली आहे. मूळ कादंबरीत बेटे दोन आहेत. मोठ्या टॉडेवर प्रॉटेस्टंट लोक राहतात, धाकट्यावर कॅथॉलिक, आणि त्यांच्या चालीरीतींतील अंतरातून पुष्कळ विनोद निघतो. चित्रपटात एकच बेट उरले. रविवारचा कडक पाळक कायम राहिला, पण त्याच्याकडे मान वाकडी करून पाहणारा दुसऱ्या पंथाचा शेजारी गेला. सोयीसाठी केलेला हा संक्षेप म्हणून सोडून देता येईल. मात्र अशीच एक काटछाट ईलिंगच्या सर्वश्रेष्ठ विनोदी चित्रपटात आढळते, आणि ती इतक्या सहजासहजी सोडता येत नाही.

तो चित्रपट म्हणजे रॉबर्ट हेमर ह्यांचा ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’, तोही १९४९ चाच. एका ड्यूकच्या घराण्यातील मुलगी परक्याशी लग्न करते म्हणून घराणे तिला टाकते. तिचा मुलगा मोठा होऊन आपल्या आणि ड्यूकच्या पदवीच्या मध्ये असलेल्या एकेका नातलगास शांतपणे यमसदनी पाठवितो. आठ डॅस्कॉइनांच्या भूमिका अॅलेक गिनेस ह्या एकाच नटाने केल्या, हे सर्वश्रुत आहे. ह्या कथेचे मूळ रॉय हॉर्निमन ह्यांच्या १९०७ सालच्या ‘इझ्रेल रँक’ ह्या कादंबरीत आहे. त्या कादंबरीचा नायक अर्धा ज्यू आहे. चित्रपटात तो अर्धा इटालियन झाला. बाप फिरता विक्रेता होता तो ऑपेराचा गायक झाला, आणि मुलाचे तोंड पाहताच हर्षातिरेकाने मरून गेला.

हा बदल का झाला असेल हे समजण्यासारखे आहे. नाझी छळछावण्यांची हकीकत उघडकीस येऊन चारच वर्षे लोटली होती. अशा वेळी एका खुनी मनुष्यास ज्यू म्हणून पडद्यावर आणणे कोणाही सभ्य निर्मात्यास जड गेले असते. बॉल्कन स्वतः पूर्व यूरोपातून आलेल्या ज्यू आईबापांचे पुत्र होते. शिवाय शेजारीच एक इशारा होता. डेव्हिड लीन ह्यांच्या १९४८ सालच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये ह्याच गिनेसांनी लांबलचक नाक लावून फेगिनचे काम केले, आणि त्यावरून बर्लिनमध्ये १९४९ साली ज्यू लोकांनी निदर्शने केली, अमेरिकेत तो चित्रपट १९५१ पर्यंत दाखविता आला नाही, आणि पुढेही काटछाट करूनच दाखविला गेला. एकाच नटाचे, जवळजवळ एकाच काळात केलेले हे दोन पराक्रम शेजारी ठेवून पहा. फेगिनच्या वेळी त्याने नाकाचे सोंग आणले ते ज्यांच्यावर नुकताच प्रलय कोसळला होता त्यांचे. डॅस्कॉइनांच्या वेळी आणलेली सोंगे सरदार, सेनापती, पाद्री, बँकर ह्यांची. त्यांतील प्रत्येकाचा खरा प्रतिनिधी लॉर्डांच्या सभागृहात, सैन्यात, देवळात आणि पेढीवर सुखाने बसलेला होता. ज्याचे सोंग आणावे तो स्वतः बोलू शकत असेल, तर सोंग म्हणजे थट्टा. तो बोलू शकत नसेल, तर सोंग म्हणजे त्याच्या जागेवर केलेला कबजा. ह्या दोहोंत नटाचे कौशल्य सारखेच असते, म्हणून केवळ कौशल्याकडे बोट दाखवून बचाव करता येत नाही.

आता नायकाच्या जातीविषयी. हॉर्निमनची कादंबरी ज्यूद्वेषाची थट्टा करते की स्वतःच त्या द्वेषात सामील आहे, ह्याविषयी वाद आहे आणि तो मिटण्याजोगा नाही. परंतु इटालियन गायकाच्या मुलाला घराण्याने झिडकारले ह्यात लहरीपणा दिसतो. ज्यू विक्रेत्याच्या मुलाला झिडकारले असते तर त्यात एका समाजाची शेकडो वर्षांची वृत्ती दिसली असती. दुखावू नये म्हणून ज्यू काढला, आणि त्याबरोबर इंग्रज खानदानाच्या खऱ्या अपराधाची आठवणही निघून गेली. दुसऱ्याला न दुखविण्याची काळजी आणि आपण न दुखावण्याची सोय ही कित्येकदा एकाच कात्रीची दोन पाती असतात. तसेच म्हणावे तर ही काळजी सर्वांच्या वाट्यास आली नाही. त्याच चित्रपटात मुलांच्या खेळातील एका मोजणीच्या गाण्याचा उल्लेख काळ्या लोकांसाठी वापरल्या जाणाऱ्या हिणकस शब्दासह निर्धास्तपणे येतो. अमेरिकेस पाठविलेल्या प्रतीत त्या शब्दाच्या जागी खलाशी घालण्यात आला. इंग्लंडात त्याची गरज कोणास वाटली नाही. आणि लेडी अॅगाथा ही स्त्रियांच्या मताधिकारासाठी भांडणारी एकटीच बाई, तिचे कामही गिनेसांनीच केले. ती फुग्यातून पत्रके टाकीत असता बाणाने खाली पाडली जाते. दृश्य खरोखर हसविणारे आहे. पण ज्या चित्रपटात बोलणाऱ्या दोन स्त्रिया इतक्या जिवंत आहेत, त्यात मत मागणारी स्त्री तेवढी पुरुषाने वठवावी, ही योगायोगाची गोष्ट मानण्यास आमचे मन तयार होत नाही.

ईलिंगला काळ्या मनुष्याचे वावडे होते, असा ह्यावरून कोणी निष्कर्ष काढील तर तो चुकेल. १९५१ साली ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ आणि ‘द मॅन इन द व्हाइट सूट’ निघाले, त्याच वर्षी त्याच स्टुडिओने बेसिल डिअरडन ह्यांचा ‘पूल ऑफ लंडन’ काढला. त्यात बर्म्युडात जन्मलेल्या अर्ल कॅमरन ह्या नटाने जमेकन खलाशाची प्रमुख भूमिका केली. गोऱ्या मुलीशी त्याची ओळख होते, दोघे लंडन पाहत हिंडतात, एकमेकांविषयी काहीतरी वाटू लागते, आणि शेवटी तो बोटीवर परत जातो. ब्रिटिश चित्रपटात असे नाते इतक्या आदराने त्यापूर्वी क्वचितच दाखविले गेले असेल. कॅमरन ह्यांचा संयम आजही मनाला चटका लावतो. पण तो परत जातो, हे विसरू नये. १९५८ साली नॉटिंग हिलच्या दंगली झाल्या आणि १९५९ साली डिअरडन ह्यांनीच ‘सफायर’ काढला. त्यात तर कथेच्या आरंभीच मिश्र वर्णाच्या मुलीचे प्रेत सापडते. म्हणजे गंभीर चित्रपटाच्या उंबरठ्यावर नवागताचे स्वागत होत होते, परंतु एक दुःख म्हणून, एक सामाजिक प्रश्न म्हणून. ज्याची कीव करावयाची त्याला घरात घेणे सोपे असते. ज्याच्याबरोबर हसावयाचे त्याला रोज घेऊन बसावे लागते. कॅमरन ह्यांना त्या काळात कोणी दुकानदाराशी घासाघीस करणारा, बायकोला भिणारा, शर्यतीत पैसे घालविणारा गृहस्थ म्हणून उभे केले असते, तर आमच्या मते ती ‘पूल ऑफ लंडन’हून मोठी क्रांती ठरली असती.

‘द लेडीकिलर्स’ (१९५५) विषयी थोडक्यात. ईलिंगच्या ह्या अखेरच्या मोठ्या विनोदी चित्रपटाचा लेखक विल्यम रोझ अमेरिकन, दिग्दर्शक मॅकेंड्रिक बोस्टनमध्ये जन्मून ग्लासगोत वाढलेला, टोळीतील सर्वांत निष्ठुर गुन्हेगार वठविणारा हर्बर्ट लॉम प्रागहून आलेला. इंग्रजपणाचे इतके अचूक चित्र बाहेरून आलेल्यांनी काढावे ह्यात नवल नाही. उंबऱ्यावर उभ्या असलेल्या मनुष्याला घर अधिक नीट दिसते. किंग्ज क्रॉसजवळच्या वाकड्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या मिसेस विल्बरफोर्स ह्यांचे खलाशी यजमान बुडत्या बोटीवर सलाम ठोकून गेले, आणि जाण्यापूर्वी त्यांनी पोपट वाचविले. त्यांतील एका पोपटाचे नाव जनरल गॉर्डन! खार्टूमचा वीर पिंजऱ्यात बसून चरफडतो आहे. साम्राज्याची ह्याहून सुंदर थट्टा आम्ही पाहिलेली नाही. परंतु त्या साम्राज्यातील माणसे कोठे आहेत? त्यांच्या वतीने आला तो पोपटच.

ह्या रिकाम्या जागेत शेवटी जो मनुष्य येऊन बसला तो पीटर सेलर्स. ‘लेडीकिलर्स’मधल्या टोळीतला हा तरुण नट पुढे बहुरूप्यांचा राजा झाला, हे मान्य केल्यावाचून गत्यंतर नाही. १९५९ च्या ‘आय्’म ऑल राइट जॅक’मधील कामगारपुढारी फ्रेड काइट हे त्याचे काम पाहून कोणाही समीक्षकाने टोपी काढावी. त्याच वर्षीच्या ‘कार्लटन-ब्राउन ऑफ द एफ्. ओ.’मध्ये तो गेलार्डिया नावाच्या काल्पनिक बेटाचा लबाड पंतप्रधान झाला. हे बेट आपल्याच ताब्यात होते ह्याचा ब्रिटिश परराष्ट्रखात्यास विसर पडलेला आहे, ही कल्पना नामी आहे, पण बेटावरील लोकांना लबाडी आणि गोंधळ ह्यांपलीकडे काही दिलेले नाही. आणि १९६० साली अँथनी अॅस्क्विथ ह्यांच्या ‘द मिलिअनेअरेस’मध्ये तो डॉ. अहमद एल् कबीर हा हिंदी डॉक्टर झाला.

ह्या भूमिकेकडे आम्ही थोडे अधिक वेळ पाहणार आहो, कारण ती आमच्याविषयी आहे. बर्नार्ड शॉ ह्यांच्या १९३६ साली रंगभूमीवर आलेल्या मूळ नाटकात हा डॉक्टर इजिप्शियन आहे. चित्रपटकर्त्यांनी त्याला हिंदी केला. तो गरिबांची सेवा करतो, श्रीमंत नायिकेच्या रूपाची आणि रुपयांची त्याला फिकीर नाही. नायिका म्हणजे साक्षात सोफिया लोरेन, तेव्हा ही निःस्पृहता लहानसहान नव्हे. पात्र म्हणून तो चित्रपटातील सर्वांत सज्जन मनुष्य आहे, आणि सेलर्सनेही त्याला हीन करण्याचा प्रयत्न केलेला नाही. मग आक्षेप कसला? आक्षेप असा की, त्याचे सौजन्य पटकथेत आहे आणि त्याचे हसे उच्चारात आहे. प्रेक्षक हसतो तो डॉक्टरच्या स्वभावातील विसंगतीला नव्हे, त्याच्या ‘त’काराला, मान हलविण्याला, चेहऱ्यावर चढविलेल्या रंगाला. काइटचे तसे नाही. काइट हास्यास्पद होतो तो त्याच्या कल्पनांमुळे, रशियाविषयीच्या त्याच्या भाबड्या स्वप्नांमुळे. बोलीचा रंग त्यावर नंतर चढतो. कामगारांनी रागावून उत्तर द्यावयाचे म्हटले, तर त्यांच्या संघटना होत्या, पक्ष होता, आणि स्टॅन्ली हॉलोवेसारखे त्यांच्यातूनच वर आलेले नट पडद्यावर होते. डॉ. कबीरच्या मागे कोण होते?

कोणीच नव्हते असे म्हणता आले असते तर निदान सबब तरी राहिली असती. पण नट होते. त्याच १९६० साली लंडनच्या रंगभूमीवर ‘अ पॅसेज टु इंडिया’ ह्या कादंबरीचे शांता रामराव ह्यांनी केलेले नाट्यरूपांतर चालले होते, आणि त्यात डॉ. अझीझची भूमिका झिया मोहिउद्दीन हा लायलपूरचा तरुण नट करीत होता. एकाच शहरात, एकाच वर्षी, दोन हिंदी डॉक्टर! न्यायासनापुढे अपमानित होणारा डॉक्टर त्या देशाच्या नटाने केला. हसविणारा डॉक्टर रंग फासलेल्या इंग्रजाने. ज्या नाट्यगृहात झिया रोज रात्री दुःख भोगीत होता त्याचे नाव कॉमेडी थिएटर, हा दैवाचा विनोद पटकथाकारास सुचला नसता. उलट कलकत्त्यास जन्मलेला मार्न मेटलंड हा नट ‘आय्’म ऑल राइट जॅक’मध्ये होता, पण तेथे त्याला अरब व्हावे लागले. थोडक्यात, इजिप्शियन डॉक्टराचा हिंदी झाला, हिंदुस्थानात जन्मलेल्याचा अरब झाला, आणि हिंदी मात्र इंग्रजाने वठविला. पूर्वेकडचे सगळे देश म्हणजे एकाच पेटाऱ्यातील पोशाख असल्यावाचून अशी अदलाबदल सुचत नाही.

येथे आमचे काही मित्र म्हणतील की, उच्चारांची थट्टा आम्हीही करतोच. मराठी नाटकांत गुजराती शेटजी आणि मद्रासी बाबू ह्यांनी किती रात्री हंशा पिकविला ते आठवा. आठवते. तो हंशाही ह्याच तराजूत तोलावा, आमची हरकत नाही. दुसरे कोणी म्हणतील की, नटाला कोणतेही रूप घेण्याचा हक्क आहे; तो काढून घेतला तर नाट्यकलाच बुडेल. हे म्हणणे आम्हांस मान्य आहे, आणि गिनेसचे आठ अवतार पाहताना तर ते मनोमन पटते. पण हक्क म्हटला म्हणजे तो दोहों बाजूंनी चालावयास हवा. झिया मोहिउद्दीनला त्या दहा वर्षांत कोणी यॉर्कशरचा गिरणीमालक करावयास बोलाविले काय? अर्ल कॅमरनला डॅस्कॉइन घराण्यात नववा अवतार मिळाला काय? ज्या रस्त्याने फक्त एकाच बाजूस गाड्या जातात, त्याला कलेचा राजरस्ता म्हणणे धाडसाचे आहे.

साठीच्या दशकात दार किंचित किलकिले झाले. बोल्टिंग बंधूंच्या ‘हेवन्स अबव्ह!’ (१९६३) मध्ये सेलर्स भोळ्या पाद्र्याचे काम करतो आणि गावातील एका काळ्या कचरेवाल्यास देवळाचा मानकरी नेमतो. प्रतिष्ठित मंडळींची उडालेली तारांबळ चांगली रंगली आहे. कचरेवाल्याचे काम ब्रॉक पीटर्स ह्या अमेरिकन नटाने केले. पण त्या बिचाऱ्यावर सद्गुणांचे एवढे ओझे घातले आहे की त्याला एकही विनोद करावयास सवड नाही. पुढे १९६८ साली ‘कॅरी ऑन अप द खायबर’ निघाला. त्यात वेल्समधील डोंगर खैबरखिंड म्हणून उभे राहिले आणि केनेथ विल्यम्स व बर्नार्ड ब्रेस्लॉ हे इंग्रज नट हिंदी राजे आणि पठाण सरदार झाले. तोफांच्या माऱ्यात शांतपणे जेवीत बसलेल्या साहेबलोकांचे अखेरचे दृश्य पाहून आम्हीही पोट धरून हसलो आहो, आणि ते हसू आम्ही नाकारीत नाही. साहेबाची थट्टा त्यात खरी आहे. फक्त त्या मेजवानीच्या बाहेर आरडाओरडा करणाऱ्या जमावाला चेहरा नाही.

‘मिलिअनेअरेस’च्या जाहिरातीसाठी सेलर्स आणि लोरेन ह्यांनी एक द्वंद्वगीत ध्वनिमुद्रित केले होते, चित्रपटात ते नाही, पण ब्रिटनमध्ये ते चित्रपटाहून अधिक गाजले. त्या गाण्याचे नाव पुढे बी. बी. सी.च्या एका विनोदी मालिकेने उचलले. ती १९९६ साली प्रथम नभोवाणीवर आणि १९९८ पासून दूरचित्रवाणीवर आली, आणि ती चालविणारे मीरा स्याल, संजीव भास्कर, कुलविंदर घिर आणि मुंबईत जन्मलेल्या नीना वाडिया हे स्वतःच ब्रिटनमधील हिंदी होते. त्यांची एक छोटी नाटिका प्रसिद्ध आहे. काही हिंदी मित्रमंडळी मद्यपान करून रात्री उशिरा एका ‘इंग्लिश’ खाणावळीत शिरतात, वेटरच्या नावाचा मुद्दाम विचका करतात, आणि यादीतील सर्वांत बेचव पदार्थ कोणता तेच आणून दे म्हणून त्याला हुकूम सोडतात. ब्रिटनमधील हिंदी खाणावळींत शुक्रवारी रात्री जे घडत आले त्याची ही हुबेहूब उलटी नक्कल आहे. ह्या खेळात हिंदी मंडळी उद्धट आहेत, बाष्कळ आहेत, एकमेकांपुढे ऐट मिरविणारी आहेत, आणि त्यांतील कोणीही सज्जन डॉक्टर नाही. वेटरचे काम एका इंग्रज नटानेच केले आहे. त्यासाठी कोणाच्या चेहऱ्यास पांढरा रंग फासावा लागला नाही.